उंदराच्या पाठीतील नळी आणि आपला हिशेब

विद्यार्थी मित्रांनो, बॉलपेनमधील एक रिकामी रिफिल हातात घ्या. तिची जाडी साधारणपणे तीन मिलिमीटर असते. आता तिच्या पाचव्या हिश्शाइतकी बारीक, म्हणजे सुमारे ०.६ मिलिमीटर जाडीची एक नळी डोळ्यांसमोर आणा. दुधाची पिशवी ज्या पॉलिएथिलीनची बनवतात त्याच पदार्थाची ही नळी असते. तिच्या आतली पोकळी जेमतेम ०.२८ मिलिमीटर. शिवणकामाची सुई काही तिच्यात शिरणार नाही. अशी नळी प्रयोगशाळेतील जिवंत उंदराच्या मज्जारज्जूशेजारी बसवतात आणि तिथे ती आठवडेच्या आठवडे राहू देतात.

हे वाचून तुमच्यापैकी काहींच्या अंगावर काटा आला असेल. काही जण म्हणतील, "त्यात काय, उंदीरच तर आहे!" मला ह्या दोन्ही प्रतिक्रिया समजतात, पण दोन्ही ठिकाणी विचार लवकर थांबतो असे मला वाटते. म्हणून आज ह्या नळीविषयी थोडे सविस्तर बोलू.

मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. उंदरांशी माझा तसा संबंध नाही. तो आला माझ्या वडिलांमुळे. काही वर्षांपूर्वी अण्णांना कर्करोग झाला. पुढे रोग मणक्यांत पोहोचला आणि वेदना गोळ्यांना आवरेनात. औषध वाढवले की अण्णा दिवसभर गुंगीत असत. कमी केले की कण्हत राहत. अखेर भूलतज्ज्ञ डॉक्टरांनी त्यांच्या पाठीत, मज्जारज्जूच्या आवरणांच्या अगदी बाहेर, एक बारीक नळी बसवली आणि तिच्यातून मॉर्फिन अगदी थोड्या प्रमाणात देण्यास सुरुवात केली. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी चहा मागितला आणि वर्तमानपत्र वाचून दाखवायला सांगितले. त्यानंतरचे पाच आठवडे ते आमच्याशी शुद्धीवर राहून बोलत होते. मी डॉक्टरांना विचारले, "एवढेसे औषध पुरते कसे?" ते म्हणाले, "ह्याचे उत्तर आधी उंदरांकडून मिळाले, मग आम्ही माणसांना देऊ लागलो."

ते उत्तर कसे मिळाले हे मी नंतर वाचून काढले. तेव्हापासून हा विषय माझ्या मनात आहे.

नळी कशासाठी?

अफूने वेदना कमी होतात हे माणसाला हजारो वर्षे ठाऊक होते. पण ती नेमकी कोठे आणि कशी काम करते हे माहीत नव्हते. १९७३ मध्ये अमेरिकेतील व स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की मेंदूतील पेशींवर अफूवर्गीय द्रव्यांना पकडून ठेवणारे खास ग्राही रेणू असतात. १९७५ मध्ये स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथे ह्यूझ आणि कॉस्टर्लिट्झ ह्यांना शरीर स्वतःच तयार करीत असलेले अफूसारखे द्रव्य सापडले. त्याला एन्केफॅलिन असे नाव मिळाले.

आता पुढचा प्रश्न पाहा. बोटाला चटका बसला की संदेश मज्जातंतूंतून प्रथम मज्जारज्जूत येतो आणि तेथून वर मेंदूकडे जातो. मग मॉर्फिन वेदनेचा संदेश मेंदूतच अडवते, की वाटेत मज्जारज्जूतही अडवू शकते? मॉर्फिन रक्तात टोचले तर ते सगळीकडे जाते, त्यामुळे हे दोन परिणाम वेगळे करता येत नाहीत. औषध फक्त मज्जारज्जूलाच द्यायला हवे. शिवाय प्राणी जागा हवा, कारण भूल दिलेल्या प्राण्याला वेदना होते की नाही हे कळणार कसे?

१९७६ मध्ये अमेरिकेतील टोनी याक्श आणि थॉमस रूडी ह्यांनी ह्यासाठी एक पद्धत प्रसिद्ध केली. उंदराला पूर्ण भूल देऊन मानेच्या मागच्या बाजूला छेद घ्यायचा. कवटी आणि पहिला मणका ह्यांच्यामध्ये एक पातळ पडदा असतो, त्याला बारीक चीर द्यायची. तेथून नळी मज्जारज्जूभोवतालच्या द्रवात सावकाश सरकवत सुमारे साडेआठ सेंटिमीटर खाली, कमरेच्या भागापर्यंत न्यायची. नळीचे दुसरे टोक कातडीखालून डोक्याच्या वरच्या बाजूला बाहेर काढायचे आणि बुचाने बंद करायचे. उंदीर बरा होऊन हिंडूफिरू लागला, की बूच काढून औषध द्यायचे. (इंग्रजीत 'रॅट' आणि 'माउस' असे दोन वेगळे प्राणी आहेत, मराठीत आपण दोघांनाही उंदीर म्हणतो. येथे अडीच-तीनशे ग्रॅम वजनाचा मोठा उंदीर, म्हणजे रॅट, अभिप्रेत आहे.)

ह्या प्रयोगांत असे दिसले, की मज्जारज्जूला मॉर्फिन मिळालेला उंदीर नेहमीसारखा चालतो, परंतु शेपटीवर उष्ण किरण पडला तर ती झटकायला वेळ लावतो. मॉर्फिनला विरोध करणारे नॅलॉक्सोन हे औषध दिले, की हा परिणाम नाहीसा होतो. म्हणजे वेदनेचा संदेश मज्जारज्जूतच अडवता येतो! तीनच वर्षांनी, १९७९ मध्ये, अमेरिकेतील मेयो क्लिनिकमधील डॉक्टरांनी कर्करोगाच्या रुग्णांना ह्या मार्गाने मॉर्फिन दिले आणि त्यांच्या वेदना कमी झाल्या. आज डॉक्टर ढोबळ मानाने असे धरतात, की तोंडावाटे ३०० मिलिग्रॅम मॉर्फिनने जे काम होते, ते मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात १ मिलिग्रॅमने होते. अण्णांची नळी त्या द्रवाच्या बाहेर होती. तेथे त्याच्या दहापट मॉर्फिन लागते. तरीही ते गोळ्यांच्या मानाने फार थोडे.

ही गोष्ट एका औषधापुरती राहिली नाही. समुद्रातील एका शंखाच्या विषावरून बनवलेले झिकोनोटाइड हे वेदनाशामक २००४ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. तेही मज्जारज्जूच्या द्रवातच द्यावे लागते आणि माणसाआधी तेही अशाच नळ्यांतून उंदरांना दिले गेले.

मग हे प्रयोग पहिल्यापासून माणसावरच का केले नाहीत? १८९८ मध्ये जर्मनीत आउगुस्ट बीअर ह्यांनी मज्जारज्जूच्या द्रवात कोकेन देऊन पाय बधिर करण्याची पद्धत काढली. तिचा अनुभव घेण्यासाठी ते आणि त्यांचे सहायक स्वतः टेबलावर झोपले. पिचकारी सुईला नीट न बसल्याने बीअर ह्यांचा बराच द्रव वाया गेला आणि पुढे कित्येक दिवस त्यांना डोकेदुखीने छळले. त्यांनी धोका पत्करला तो स्वतःच्या मर्जीने. पण नव्या औषधाने मज्जारज्जूला इजा झाली तर माणूस जन्मभर पांगळा होऊ शकतो. तेवढा धोका आपण माणसावर टाकू इच्छित नाही. म्हणून तो उंदरावर टाकतो. उंदराला मर्जी विचारता येत नाही. त्याच्या वतीने हिशेब ठेवण्याची जबाबदारी म्हणूनच आपल्यावर येते.

नळीचे पदार्थविज्ञान

हा हिशेब प्रथम आकड्यांत करू. वही-पेन्सिल घ्या.

नळीची आतली त्रिज्या ०.१४ मिलिमीटर. दहा सेंटिमीटर लांबीच्या नळीचे आतले घनफळ ३.१४ × ०.१४ × ०.१४ × १००, म्हणजे सुमारे ६ घन मिलिमीटर, म्हणजेच ६ मायक्रोलिटर. उंदराला एका वेळी औषध देतात ते साधारण १० मायक्रोलिटर. पाण्याच्या एका थेंबाचा पाचवा हिस्सा. म्हणजे दहापैकी सहा मायक्रोलिटर नळीतच अडकून राहणार! म्हणून औषधामागून तेवढेच मिठाचे पाणी ढकलावे लागते. ज्याने हा गुणाकार केला नाही त्याचा उंदीर औषधाविनाच राहील, आणि त्याने सोसलेली शस्त्रक्रिया फुकट जाईल.

आता बाहेरची त्रिज्या घ्या: ०.३०५ मिलिमीटर. मज्जारज्जूशेजारी असलेल्या साडेआठ सेंटिमीटर नळीचे घनफळ येते सुमारे २५ मायक्रोलिटर. उंदराच्या मेंदूभोवती आणि मज्जारज्जूभोवती मिळून सगळा द्रवच काही शे मायक्रोलिटर असतो. तेव्हा ही नळी तेथे काही नगण्य पाहुणी नव्हे. ती मज्जारज्जू दाबू शकते. काही उंदरांचे मागचे पाय लुळे पडतात. नळीभोवती हळूहळू तंतुमय आवरण वाढते आणि मग औषध पोहोचेनासे होते.

समजा, आपण अधिक बारीक नळी घेतली, बाहेरून ०.३६ आणि आतून ०.२० मिलिमीटर व्यासाची. अशा नळ्याही मिळतात. तिने व्यापलेली जागा २५ वरून सुमारे ९ मायक्रोलिटरवर येते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे नळीचा ताठपणा. एकाच पदार्थाच्या नळीचा वाकण्याला होणारा विरोध बाहेरच्या व्यासाचा चौथा घात वजा आतल्या व्यासाचा चौथा घात ह्याच्या प्रमाणात असतो. आकडे घालून पाहा: बारीक नळी जवळजवळ नऊपट लवचिक निघते! ती मज्जारज्जूला ढोसत नाही, त्याच्या वळणाप्रमाणे वळते. किंमत एकच मोजावी लागते. प्वाझयच्या नियमाप्रमाणे प्रवाहाला होणारा विरोध त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात वाढतो, म्हणून ह्या नळीतून औषध ढकलायला सुमारे चौपट जोर लागतो. तेव्हा घाई न करता सावकाश ढकलावे, एवढेच. पुढील काळात ज्या संशोधकांनी बारीक व मऊ नळ्या वापरल्या, त्यांना मज्जारज्जूची इजा खरोखरच कमी आढळली.

तुम्ही प्रयोगशाळेत शिकला आहात, की चमचाभर गरम पाण्याचे तापमान जाड्या तापमापकाने मोजू नये. तापमापकच पाणी थंड करतो. येथेही तेच आहे. दुखावलेल्या मज्जारज्जूवरून वेदनेचे मोजमाप घेतले तर ते मोजमाप चुकीचे असते. उंदराला कमी त्रास देणारी नळी हीच अधिक खरे उत्तर देणारी नळी असते. भूतदया हा विज्ञानाच्या मार्गातील अडथळा आहे असे समजणाऱ्यांनी हा हिशेब जरूर करून पाहावा.

तीन प्रश्न

पण एवढ्यावर समाधान मानता येणार नाही. नळी बारीक केली म्हणून तिची गरज सिद्ध होत नाही. माझ्या मते अशा प्रत्येक प्रयोगाला तीन प्रश्न विचारले पाहिजेत.

पहिला प्रश्न: नळी हवीच का? १९८० मध्ये हिल्डेन आणि विल्कॉक्स ह्यांनी लहान उंदराला, म्हणजे माउसला, नळी न बसवता कमरेजवळ बारीक सुईने थेट औषध देण्याची पद्धत प्रसिद्ध केली. एकदाच औषध देऊन उत्तर मिळणार असेल तर नळीची शस्त्रक्रिया कशाला? औषध दिवसेंदिवस पुन्हा पुन्हा द्यायचे असेल तेव्हाच नळीचे समर्थन होऊ शकते. कारण तेव्हा एकच उंदीर अनेक मोजमापे देतो आणि एकंदर कमी प्राणी लागतात. १९५९ मध्ये इंग्लंडमधील रसेल आणि बर्च ह्यांनी अशा प्रयोगांसाठी तीन सूत्रे सांगितली: शक्य तेथे प्राण्याऐवजी दुसरे साधन वापरा, प्राण्यांची संख्या कमी करा आणि त्यांचा त्रास कमी करा. लांब मुदतीची नळी संख्या कमी करते, पण प्रत्येक उंदराचा त्रास वाढवते. ही ओढाताण खरी आहे, ती लपवू नये.

दुसरा प्रश्न: उंदराचे दिवस कसे जातात? उंदीर कळपात राहणारा प्राणी आहे. पण तो कुरतडणाराही आहे, म्हणून एकमेकांच्या नळ्या कुरतडू नयेत ह्यासाठी त्यांना पुष्कळदा वेगवेगळे ठेवतात. तो एकटेपणाही हिशेबात धरायला हवा. शेपटीवरील किरण काही सेकंदांनंतर आपोआप बंद झाला पाहिजे, नाहीतर औषधाने बधिर झालेली शेपटी भाजेल. दुखत असलेल्या उंदराचे डोळे बारीक होतात, कान व मिशा वेगळ्या ठेवणीत दिसतात. त्यावरून वेदना ओळखण्याची श्रेणी लहान उंदरांसाठी २०१० मध्ये आणि मोठ्या उंदरांसाठी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. चेहरा वाचता येतो हे कळल्यावर तो न वाचण्याला सबब उरत नाही.

तिसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: किती उंदीर वाया गेले? ह्या विषयावरील शोधनिबंधांत एक वाक्य वारंवार भेटते: ज्या उंदरांमध्ये पाय लुळे पडल्याची लक्षणे दिसली, ते प्रयोगातून वगळले. वगळले म्हणजे त्यांना मारले. वाक्य योग्यच आहे. अशा उंदराला जगवत ठेवणे क्रूरपणाचे होईल. पण वगळले ते किती? पन्नासातले दोन की पन्नासातले वीस? पुष्कळदा हे लिहिलेलेच नसते.

हा आकडा का हवा? एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एखाद्या प्रयोगाला ४० निरोगी उंदीर हवे आहेत. शस्त्रक्रियेत शेकडा ३० उंदीर बिघडत असतील तर ५८ उंदरांवर शस्त्रक्रिया करावी लागेल. शेकडा ५ बिघडत असतील तर ४३ पुरतील. पंधरा उंदीर वाचले! पण कोणाच्या हाताने, कोणत्या नळीने शेकडा पाचच बिघडतात हे छापलेच नाही, तर दुसऱ्या प्रयोगशाळेला कळणार कसे? ती जुन्याच नळीने जुन्याच चुका पुन्हा करील. शिवाय जेथे वीस उंदीर उघडपणे लुळे पडले, तेथे उरलेल्या तिसांच्या मज्जारज्जूला थोडीफार इजा नसेलच असे कशावरून?

ब्रिटनमध्ये २०१० साली 'अराइव्ह' नावाची मार्गदर्शक तत्त्वे तयार झाली आणि २०२० मध्ये ती सुधारण्यात आली. किती प्राणी वगळले व का, हे निबंधात लिहावे असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. आपल्या देशातही प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० पासून आहे. प्रयोग काळजीने व माणुसकीने करावेत, भूल द्यावी आणि निव्वळ हात बसवण्यासाठी शक्यतो प्राणी वापरू नयेत, असे तो सांगतो. १९९८ च्या नियमांनुसार प्रत्येक संस्थेत ह्यासाठी नैतिक समिती असते. माझे म्हणणे एवढेच, की ह्या समित्यांनी प्रयोग सुरू होण्याआधी परवानगी देऊन थांबू नये. प्रयोग संपल्यावर वाया गेलेल्या प्राण्यांचा आकडा मागावा; आणि तो आकडा निबंधाच्या पहिल्याच तक्त्यात छापल्याशिवाय नियतकालिकांनी निबंध स्वीकारू नये.

ह्यावर दोन आक्षेप येतील. काही संशोधक म्हणतील, "असे आकडे छापले तर विरोधकांच्या हाती कोलीत मिळेल." मला उलट वाटते. दडवलेल्या आकड्यामुळे जेवढा संशय वाढतो तेवढा छापलेल्या आकड्यामुळे वाढत नाही. दुसरा आक्षेप प्राणिमित्रांचा: "मोजल्याने उंदराची वेदना कमी होते काय?" हा आक्षेप मला अधिक बोचतो. त्या उंदराची वेदना कमी होत नाही, हे कबूल केलेच पाहिजे. पुढच्या उंदराची होऊ शकते. आणि असे प्रयोग आजच सरसकट बंद करा, असे मला म्हणता येत नाही. अण्णांचे ते पाच आठवडे मी पाहिले आहेत. वेदनेने तळमळणारी माणसे आजही आहेत, आणि मज्जारज्जूच्या द्रवात सोडायचे नवे औषध निर्धोक आहे की नाही हे सांगणारे पुरेसे चांगले दुसरे साधन आज आपल्याजवळ नाही. पेशींच्या संवर्धनातून आणि संगणकातून काही प्रश्न सुटू लागले आहेत. जे सुटतील त्यांच्यासाठी उंदीर वापरणे त्या दिवसापासून बंद झाले पाहिजे.

उंदीर सगळी उत्तरे देतो असेही नाही. माणसांना ह्या मार्गाने मॉर्फिन देऊ लागल्यावर असे लक्षात आले, की ते द्रवाबरोबर हळूहळू वर मेंदूकडे चढते आणि काही तासांनी श्वास मंद करू शकते. म्हणून डॉक्टरांना अशा रुग्णावर बराच वेळ लक्ष ठेवावे लागते. तेव्हा "उंदरावर करून पाहिले आहे" एवढ्याने निर्धास्त होणेही चूक.

तुमच्या वहीपुरते

मित्रांनो, तुमच्यापैकी फारच थोडे जण पुढे अशी शस्त्रक्रिया करतील. मग हे सगळे तुम्हाला सांगण्याचे कारण काय?

दरवर्षी प्रात्यक्षिकाच्या परीक्षेत मला एक गोष्ट दिसते. लंबकाच्या प्रयोगात आठ वाचने घेतलेली असतात. सात बिंदू आलेखावर सरळ रेषेत बसतात, आठवा बसत नाही. विद्यार्थी इकडेतिकडे पाहतो आणि खोडरबराने आठवा बिंदू पुसून टाकतो. लंबकाला काही होत नाही. पण त्या हाताला सवय लागते. उद्या तोच हात एखाद्या प्रयोगशाळेत न जुळलेला उंदीर वहीतून पुसून टाकील, आणि त्या उंदराने जे सोसले त्यातून कोणीच काही शिकणार नाही.

म्हणून तुम्हाला माझी विनंती आहे. न जुळणारे वाचन खोडू नका. त्याच्याभोवती वर्तुळ काढा आणि शेजारी कारण लिहा: दोरा सैल होता, घड्याळ उशिरा बंद केले, किंवा कारण समजले नाही. शिक्षक बंधुभगिनींनाही विनंती आहे, की असे वर्तुळ दिसले तर गुण कापू नका. एक गुण जास्त द्या. खरा हिशेब ठेवण्याची सवय अशा वहीतच लागते, आणि पुढे जेव्हा त्या हिशेबात एखादा जीव असेल, तेव्हा ती उपयोगी पडते.